बिनतेलाच्या फ्रायरची कबुली

मी एक जुना, बिनतेलाचा फ्रायर आहे. मित्रांनो, मी नावाला तळणारा आणि कामाने भाजणारा. पोलादाचे दोन डबे एकात एक बसवलेले, मधल्या फटीत गॅसची ज्योत, आत जाळीची टोपली आणि खाली चरबी गळायला ट्रे, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझ्या अंगावर इशाऱ्याची एक पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला खोक्यात बंद केलं. त्या इशाऱ्याकडे पुढे कुणी पाहिलं नाही, आणि खरं सांगतो, मीही त्याला फारशी किंमत दिली नव्हती.

अमेरिकेत, लुइझियानातल्या खाडीकाठच्या एका गावात व्हर्ली गिड्री नावाच्या बाईंनी मला विकत आणलं. त्याआधी त्यांच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या सणाला अख्खी टर्की कोंबडी अंगणात उकळत्या तेलात तळली जायची. एका वर्षी व्हर्लीच्या दिराने, ओव्हीने, पोटात बर्फ राहिलेली टर्की तशीच तेलात सोडली. तेल उसळलं, पेटलं आणि ओव्हीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून व्हर्लीने दोन नियम केले. तेलाचं पातेलं पुन्हा अंगणात आणायचं नाही, आणि विस्तव पेटलेला असताना त्याला एकटं सोडायचं नाही.

तिचा नवरा आल्सीड म्हणजे झिंग्यांच्या होडीवर उभा जन्म काढलेला माणूस. मला पाहून तो म्हणाला, "तेलाशिवाय तळायचं? मग उद्यापासून मी पाण्याशिवाय झिंगे पकडतो."

पण पहिल्याच टर्कीची कातडी अशी कुरकुरीत निघाली की बोलणारा बोटं चाटत बसला. तेव्हापासून सलग दहा वर्षं तो दर थँक्सगिव्हिंगला माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा, ओव्हीची टिंगल करायचा, गुणगुणायचा. शेजारीपाजारी माझं कौतुक करत, आणि मी फुगून जाई. बाकी वर्षभर मात्र मी शेडमध्ये जुन्या जाळ्यांखाली पडून असे. चरबी आणि काजळी साचत गेली, आणि तिच्याखाली तो इशारा पार बुजून गेला.

अकराव्या वर्षी सकाळपासून पावसाची झड लागली होती. वारा तर माझी ज्योत टिकू देईना. शेवटी आल्सीडने मला उचलून गॅरेजमध्ये नेलं आणि वारा लागू नये म्हणून शटर वीतभर फट ठेवून खाली ओढलं. व्हर्लीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, आतच पेटवणार का? तो हसला.

"यात तेल आहे का उसळायला? तूच तर आणलास हा सज्जन."

तिलाही ते पटलं. फक्त शेजारी बसून राहा, एवढं तिने बजावलं.

मित्रांनो, मी खरंच सज्जन होतो. मी उसळलो नाही, पेटलो नाही. मी फक्त जळत राहिलो, आणि बंद जागेत गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. दीड तासाने आल्सीड कपाळ चोळू लागला. डोकं ठणकतंय, जरा आत येऊन पडतो, असं त्याने दाराकडे तोंड करून सांगितलं.

व्हर्ली चुलीवरचा गंबोचा रस्सा ढवळत होती. तिथूनच ती म्हणाली, "अर्धाच तास राहिलाय. त्याला सोडून उठू नको."

तो उठला नाही. बायकोचा शब्द त्याने अकरा वर्षं पाळला होता, त्या दिवशीही पाळला. मला ज्योत विझवता येत नव्हती. हात नसल्याचं दुःख मला त्या अर्ध्या तासात कळलं.

ओव्हीने येऊन शटर वर केलं तेव्हा आल्सीड खुर्चीतच होता, मान छातीवर पडलेली. त्याला शुद्धीवर आणायची खूप खटपट झाली, पण उशीर झाला होता. टर्की मात्र अगदी हवी तशी भाजली होती. ती कुणी खाल्ली नाही.

ओव्ही मला खाडीत फेकायला निघाला होता. व्हर्लीने अडवलं. तिने मला अंगणात नेऊन तारेच्या घासणीने घासलं, काजळीखालचा इशारा वर येईपर्यंत घासलं. मग तिथेच ओल्या गवतात बसून तिने तो वाचला: फक्त उघड्यावर वापरा. ती पुष्कळ वेळ रडली. मी तिला दोष देत नाही. एका धोक्याला घाबरून तिने नियम केला, आणि दुसऱ्या धोक्याने तोच नियम वापरला.

पुढच्या वर्षी शेजारी नव्याने राहायला आलेला डार्बी मला मागायला आला. व्हर्लीने पैसे घेतले नाहीत. फक्त त्याला माझ्यासमोर उभं करून इशारा मोठ्याने वाचायला लावला, तोही दोनदा. मित्रांनो, तुमच्या घरच्या प्रत्येक यंत्राच्या अंगावर असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते पुसून, स्वच्छ करून एकदा तरी वाचा. आम्हाला बोलता येत नाही, आमचा आवाज तेवढाच.

डार्बीने वाचलं आणि हसत विचारलं, "पण काकू, ऐन सणाला पाऊस आला तर?"

व्हर्ली हसली नाही.

"तर भात खा," ती म्हणाली.