पोकळ देठ, भरीव देठ

धाकटी जाऊ घरात आली आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

सासूबाई ओढ्यातली पाणहळिवाची पालेभाजी खुडून खानावळींना जुड्या पुरवायच्या. आता गुडघे गेले, नजरही गेली. ओढा कुठल्या सुनेच्या हाती द्यायचा, हे आज दोघींच्या टोपल्या चाचपून त्या ठरवणार होत्या.

पाणहळिवाला खेटूनच कडू हळीव माजतो. दोन्ही मोहरीच्याच कुळातले. पानं सारखी, फुलं पांढरी, चार पाकळ्यांची. पण पाणहळिवाचा देठ पोकळ, चिमटीत दाबला की बसतो. कडव्याचा भरीव. फुलातले बारीक तुरे पाणहळिवाचे पिवळे, कडव्याचे जांभळे. चार कडू काड्या गेल्या की जुडी वाया आणि गिऱ्हाईकही.

धाकटीला हे बघता बघता जमलं. "पोरीचा हात काय साफ आहे!" सासूबाई येता-जाता म्हणायच्या. थोरलीचा नुसता जळफळाट. इतकी वर्षं चिखल तुडवला, माझ्या हाताला कधी चांगलं म्हणाल्या का?

म्हणून आज ओढ्यावर धाकटी पाय धुवायला वळली, तशी थोरलीनं मूठभर कडवा खुडून जावेच्या टोपलीत तळाशी सारला.

घरी सासूबाईंची बोटं काडी काडी दाबत गेली. तळाशी थांबली.

"हा कडवा गं."

"शक्यच नाही, आई!" धाकटी रडवेली झाली. "जांभळा तुरा दिसला की मी हातसुद्धा लावत नाही."

"होतं असं," थोरली गोड आवाजात म्हणाली. "नवीन आहेस."

सासूबाईंनी काड्यांची टोकं चाचपली. "धाकटे, तू कशानं कापतेस?"

"कात्रीनं."

"ही टोकं चिरडलेली आहेत. नखानं खुडलेली." त्यांनी काडी खाली ठेवली. "नखानं खुडायला मी एकीलाच शिकवलं होतं. कात्री काय, कुणाच्याही हातात देता येते."

थोरलीनं हिरवा झालेला अंगठा पदरात लपवला.

"ओढा धाकटीचा. आणि थोरले, उद्यापासून तिला खुडायला तू शिकवायचं."

"शिकवाल ना, ताई?" धाकटीनं हात पुढे केला. थोरलीनं तो धरला, उलटा करून पाहिला.

मेलीची नखंसुद्धा चांगली होती.