पाच शेराचा भाव

पोटाला उशी बांधलेल्या गहिनीनाथनं मापातल्या ज्वारीत अंगठा खुपसला, आभाळाकडे तोंड केलं आणि ओरडला, "देवा, माप भरलं बघ! माझा अंगठा बी धान्यातच धर!" पारासमोरची माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

सावरटाकळीच्या बाजारात दुपारच्या वेळी बंकटचा तमाशा उभा राही. गहिनीनाथ त्यातला सोंगाड्या. त्यानं उभा केलेला ढबूशेठ हा दाण्याचा व्यापारी गेवराईपासून कपिलधारच्या जत्रेपर्यंत लोकांना तोंडपाठ होता. ते वर्ष मोठं वाईट होतं. मानमोडीच्या तापानं घराघरातली माणसं नेली होती, मागून पावसानंही दगा दिला होता. ज्वारी चढू लागली तशी सरकारी हुकमाची दवंडी पिटली गेली: ज्वारी रुपयाला आठ शेरच विकायची, कमी देईल त्याचा माल जप्त. लोकांना बरं वाटलं. आपली कुणीतरी काळजी घेतंय, असं वाटलं. त्या दिवसांत ढबूशेठला जेवढं हसू मिळालं, तेवढं पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

तो अंगठ्याचा विनोद झाला त्याच दुपारी नदीकडच्या वाटेनं बैलांच्या घंटा वाजल्या. भिवराबाई वंजारीण पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन आली होती. नवरा तापात गेल्यावर तांड्याचा माल तीच वाहत असे. तिनं गोण्या उतरवल्या, एकीचं तोंड सोडलं आणि सांगितलं, "परभणीकडची ज्वारी हाय. रुपयाला पाच शेर."

"पाच? आठाचा हुकूम हाय!" कुणीतरी गरजलं.

"आठानं मला न्हाई पुरत, बाबा. घ्यायची तर घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

लोक थबकले. काही बाया पदराची गाठ सोडू लागल्या होत्या. गहिनीनाथ पारावरून हे पाहत होता. समोर एवढी माणसं, अंगावर सोंग, आणि हातातोंडाशी आलेला विनोद. तो त्याला आवरला नाही. उशी सावरत त्यानं हात पसरले आणि हाक मारली, "अगं माझी सख्खी बहीण आली की! ढबूशेठीन आली!"

हशा उसळला. त्या हशातच कुणीतरी गोणीला विळा लावला. ज्वारी मातीत सांडली, आणि मग कुणी धोतराचा सोगा भरला, कुणी टोपलं भरलं. एकदोघांनी आठाच्या भावानं पैसे टाकले, बाकीच्यांनी तेही टाकले नाहीत. भिवराबाई रडली नाही की तिनं शिव्याही दिल्या नाहीत. उरलेल्या गोण्या तिनं पुन्हा बैलांवर चढवल्या. जाताना पाराशी थांबून ती गहिनीनाथला म्हणाली, "लई ग्वाड बोलतूस रं. मला बी हसू आलतं."

पुढच्या बाजाराला ज्वारी आली नाही. त्यापुढच्याही नाही. गावातल्या दुकानांत आठ शेराचा भाव होता आणि रिकामी कणगी होती. वाण्याला विचारलं तर तो हात जोडी. नदीपलीकडून येणारे बैल सावरटाकळीचं नाव काढलं की दुसऱ्या वाटेला वळत.

गहिनीनाथच्या घरी त्याची बायको कडूबाई मधेच आलेल्या तापातून नुकती उठली होती. चुलीवर रोज रानातल्या तरोट्याचा पाला शिजे. एका सकाळी त्यानं ताटलीकडे पाहून म्हटलं, "आठ शेरानं मिळंल की आता. सरकारचा हुकूम हाय."

"कुठं मिळंल ते तर सांगा," कडूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "त्या दिशी मी पदरात रुपाया बांधून त्या बाईपाशी उभी व्हते. पाचानं घेणार व्हते. माझ्या म्होरं दोनच बाया व्हत्या. तेवढ्यात तुमी बोललात."

"मंग घरी आल्यावर सांगितलं कावून न्हाई?" गहिनीनाथनं विचारलं.

"काय सांगू? तुमी लई खुशीत व्हतात. समदं गाव तुमाला खांद्यावर घिऊन नाचलं."

त्यानं ताटली सरकवली, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि नदीची वाट धरली.

भिवराबाईचा तांडा नदीच्या उताराशी उतरला होता. ती एका बैलाच्या पाठीवरच्या जखमेत हळद भरत होती. त्याला पाहून ती उठली नाही.

"आज पोट कुठं गेलं रं तुझं?" तिनं विचारलं.

"घरी ठिवलं," गहिनीनाथ म्हणाला आणि तिच्यासमोर मातीत बसला. "आक्का, चुकलं माझं. गावात दाणा न्हाई. तुमी परत या."

"कावून येऊ? तिथनं इथवर यायचं म्हंजे वाटंत चारा इकत घ्यायचा, नाक्यावर हात वल्लं करायचं. मागल्या खेपंला एक बैल गाळात बसला, तो उठलाच न्हाई. आठानं द्यायची तर मी घरला बसून ऱ्हाते. माझ्या पोरींचं पोट त्या हुकमानं भरत न्हाई."

"पाचानंच इका. माझ्या खळ्यात उतरा. मी गोण्यांपाशी उभा ऱ्हातो."

"तुझं काम हसवायचं. तुला कोण भिईल?"

"भिणार न्हाईत. पर माझं ऐकत्यात ना, आक्का. वाईट बोललो तवा ऐकलं की."

भिवराबाईनं हळदीचा हात बैलाच्या कुल्ल्यावर पुसला. "दोन बैल आणते," ती म्हणाली. "ते धड माघारी गेले तर म्होरलं बघू."

बाजाराच्या दिवशी गहिनीनाथ स्वतःच्या खळ्यात भिवराबाईजवळ, तिच्या दोन गोण्यांपाशी उभा होता, तोंडाला रंग न लावता. बातमी पसरली आणि माणसं जमली. सगळ्यांत आधी आला तो बंकट.

"बे, येडा झालास का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "शेठच्या सोंगावर आपली चूल पेटती, अन् तूच शेठचा दलाल? लोक थुकतील तुझ्यावर."

"थुकू दे. उपाशी मानूस किती थुकंल?"

गर्दीतून बद्रीनाथ पुढे झाला. त्या दिवशी गोणीला विळा लावणारा तोच होता. "हुकूम आठाचा हाय," तो म्हणाला. "पाचानं कशी इकती ही?"

पारावर हजार माणसांपुढे गहिनीनाथला कधी भीती वाटली नव्हती, पण इथे कुणी हसत नव्हतं. "हुकमाची ज्वारी चावडीत आसंल, बद्रीभाऊ. जा, तिथनं घे. ही हिची हाय. हिनं नदीपल्याडनं आणली. तिचा भाव पटला तर घे, न्हाई पटला तर तुझा रुपाया तुझ्यापाशी. तुला कुणी वडत न्हाई, तू बी तिला वडू नगंस."

"आडल्याला नडती ती!"

"नडती तर नडती. तिच्याबिगर कोण आलं व्हतं रं, इतक्या दिसांत?"

मग बायांच्या घोळक्यातून कडूबाई निघाली. तापानं गळालेले पाय सावरत ती गोणीपर्यंत आली आणि पदराची गाठ दातांनी सोडून रुपया भिवराबाईच्या हातावर ठेवला. भिवराबाईनं पाच शेर मोजले, वर एक मूठ घातली. बघता बघता रांग लागली. बद्रीनाथ थोडा वेळ बाजूला उभा राहिला, मग टोपलं घेऊन तोही रांगेच्या शेवटी गेला.

गोणी अर्धी झाली तोच चावडीचा शिपाई शहादेव काठी आपटत आला. रांग मोडली. गहिनीनाथ गोणीच्या आडवा उभा राहिला. शहादेवनं काठी वर केली, मग तो गोणीत डोकावला आणि दोन दाणे तोंडात टाकून त्यानं चावले. मग इकडंतिकडं पाहिलं.

"इथं काय इक्री-बिक्री चाललीया का?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"न्हाई, जमादारसाहेब," भिवराबाई म्हणाली. "पाव्हनी म्हणून आलेय."

"मंग ठीक." आणि आवाज खाली उतरवून तो म्हणाला, "बाई, जरा उरव. सांजच्याला बायको येईल माझी."

दोन्ही बैल धड माघारी गेले. पुढच्या खेपेला भिवराबाई सगळे बैल घेऊन आली. मग तिच्या पाठोपाठ दुसऱ्या तांड्याचे बैल आले, घाटनांदूरकडच्या दोन गाड्या आल्या, आणि खळ्यात उभं राहायला जागा उरली नाही. ज्वारी पाचाची सहा शेर झाली, पोळ्याच्या सुमाराला सातावर गेली. भिवराबाई वैतागली.

"तूच बोलावलंस का रं ह्या समद्यान्ला? माझा धंदा बसवलास!"

"म्या न्हाई, आक्का. तुमच्या भावानं बोलावलं."

"मला कुठला भाऊ?"

"पाच शेराचा."

तिला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ती एवढी हसली की तिच्या हातातलं माप कलंडलं.

बंकटनं मात्र त्याला फडातून काढलं. ढबूशेठ आता दुसराच कुणी करत होता. गाडीवाल्यांनी एकदा पाटलांना ते सोंग बंद करायला सांगायचं ठरवलं, तेव्हा गहिनीनाथच आडवा आला. "ऱ्हाऊ द्या की. ज्याला बघायचं त्यो बघंल. हसण्यावर कसली आलीया बंदी?" गाडीवाल्यांनी तो विचार सोडला. पण ढोलकीची थाप लांबून ऐकू आली की गहिनीनाथच्या हातातलं काम थांबे आणि त्याची बोटं आपोआप मांडीवर नाचत. कडूबाई ते पाही आणि आत जाई.

पोळा झाल्यावर एका सकाळी त्याला खळ्याच्या कडेला खणण्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर कडूबाई फुटक्या दगडी डोणीसाठी जमीन सपाट करत होती. डोणीची भेग तिनं चुन्यानं बुजवली होती.

"हे काय मांडलंस?"

"बैलं नदीपासनं उन्हातनं येत्यात. इथं पानी कुठं हाय त्यान्ला? धरा त्या टोकाला."

दोघांनी मिळून डोण बसवली. गहिनीनाथनं आडावरून पाणी शेंदून आणलं. भेग थोडी पाझरली, मग थांबली. वाटेवर धूळ उठली होती. पहिला बैल आला, डोणीपाशी थांबला आणि खाली मान घालून सावकाश पाणी पिऊ लागला. कडूबाई त्याच्या शिंगांतून हात फिरवत उभी राहिली. गहिनीनाथनं घागर उचलली आणि तो पुन्हा आडाकडे निघाला.