निळ्या पट्ट्याचा ड्रम

बोनोलो म्हणजे आमच्या भाषेत मऊपणा. आईनं माझं हे नाव ठेवलं तेव्हा पुढे माझी गाठ आमच्या विमानसेवेच्या मोडिसे साहेबांशी पडणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

मी आजाऱ्यांची ने-आण करणारं विमान चालवते. सहा माणसांचं, एका इंजिनाचं. आमचा तळ माऊनला. तिथून चारशे किलोमीटर दक्षिणेला क्वालाबे नावाची वस्ती आहे. तिथे एक दवाखाना, एक बोअरवेल आणि वाळूतली धावपट्टी. त्या दिवशी मी लसींची खोकी आणि पाण्याचा पंप घेऊन तिथे गेले. एवढा बोजा असला की टाक्या काठोकाठ भरता येत नाहीत, विमान उचलतच नाही. म्हणून परतीचं पेट्रोल क्वालाबेलाच ड्रममध्ये ठेवलेलं असतं. ड्रमवर निळा पट्टा. निळा पट्टा म्हणजे आजाऱ्याचं पेट्रोल, त्याला कुणी हात लावत नाही. मागे चोरांनी दवाखान्याचं दार उचकटून नेलं, पण शेजारचा ड्रम होता तिथेच होता.

मी ड्रमवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

धावपट्टीवरची गाढवं हाकलणारा म्हातारा काओ मान खाली घालून उभा होता.

"काओ, हे कुणी संपवलं?"

त्यानं टोपीच्या घडीतून एक कागद काढला. "सिनेमावाले आले होते, विमान घेऊन. मी नाही म्हटलं. त्यांनी तुमच्या साहेबाची चिठ्ठी दाखवली."

लिहिलं होतं, यांना लागेल तेवढं पेट्रोल द्यावं. खाली मोडिसेंची लांबलचक सही. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. तीन आठवड्यांत या माणसाला आम्हा वैमानिकांना एक फोन करता आला नाही.

मी तिथेच उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात नर्स धावत आली. बोअरवेलवर काम करणारा थूसो, बावीस वर्षांचा पोरगा, त्याचं आंत्रपुच्छ फुटलं होतं. पोट फळीसारखं कडक, अंग तापानं फणफणलेलं.

"ट्रकनं नेलं तर?" मी विचारलं.

"अकरा तास. तेवढा तो काढणार नाही."

आमचं दुसरं विमान इंजिन उघडून माऊनच्या कारखान्यात पडलेलं. मी पंखावर चढून टाक्यांत मोजपट्टी घातली. दोन्हींत मिळून एकशे पाच लिटर. नेहमीसारखं उडवलं तर तासाला साठ लिटर लागतं आणि पावणेदोन तास लागतात. म्हणजे माऊन दिसायला लागेल आणि आम्ही अलीकडच्या काटेरी झुडपांत पडू. नियम सांगतो, पोचल्यावरही पाऊण तासाचं पेट्रोल उरलं पाहिजे. मी नियम मोडणार होते, आणि मोडायला लावणारा माणूस माऊनमध्ये पंख्याखाली बसून चहा पीत होता.

एकच वाट होती. हळू जायचं.

रिकाम्या खुर्च्या काढल्या, दोरखंडांची पेटी काढली, माझी पिशवीसुद्धा काओकडे दिली. थूसोला विमानाच्या तळावर झोपवलं. नर्स उतरली, कारण थूसोची आई उतरायला तयार नव्हती. म्मा-थूसो अंगानं मूठभर, पण आवाज तीन बायकांचा.

खाली वारा तोंडावर होता. वर चढायला पेट्रोल जातं, पण वर दक्षिणेचा वारा थोडा पाठीशी मिळतो, म्हणून तीन हजार मीटरवर गेले. मग इंजिनाचे फेरे कमी केले. मग ती लाल मूठ, जिच्यानं पेट्रोलची धार कमी होते, ती इंजिन अडखळेपर्यंत मागे ओढली आणि केसभर पुढे सारली. आवाज बसका झाला. वेग दोनशे चाळीसचा एकशे पंच्याऐंशीवर आला. तासाला अडतीस लिटर.

म्मा-थूसोनं माझ्या खांद्यावर बोट रोवलं. "आवाज का उतरला?"

"मीच उतरवलाय."

"माझं पोरगं मरायला टेकलंय आणि तू रमतगमत चाललीस? आमची गाढवगाडी याहून जोरात जाते."

"मावशी, जोरात गेलो तर पोचणार नाही. पेट्रोल कमी आहे."

"मग भरून का नाही आणलंस? बाजारात जातानासुद्धा माणूस पाण्याची बाटली घेतो."

तिचं बरोबर होतं आणि ते ऐकून घ्यायला मी एकटीच तिथे होते. मी तिला ड्रमचं सांगितलं. सिनेमावाल्यांचं, चिठ्ठीचं, सगळं.

तिनं विचारलं, "त्या साहेबाला मुलं आहेत?"

"दोन."

"बरं," ती म्हणाली आणि थूसोच्या कपाळावरचं फडकं बदलायला लागली.

अजून एक काम उरलं होतं. दोन्ही टाक्यांच्या तळाशी थोडंथोडं उरून उपयोग नसतो. एक टाकी पार रिकामी करायची, म्हणजे उरलेलं सगळं दुसरीत, एका जागी राहतं. पण ती संपते तेव्हा इंजिन खोकतं.

"मावशी, आता इंजिन बंद पडल्यासारखं होईल. मी मुद्दाम करतेय. घाबरू नका."

इंजिन खोकलं, विमानाचं नाक खाली दबलं, मी टाकी बदलली. दोनतीन सेकंद नुसता वारा ऐकू आला. मग ते पुन्हा चालू झालं. मागे वळून पाहिलं तर म्मा-थूसो थूसोच्या अंगावर आडवी पडली होती, जणू वरून काहीतरी कोसळणार होतं आणि ते तिला स्वतःच्या पाठीवर घ्यायचं होतं.

माऊनला घिरटी न घालता सरळ उतरले. थूसोला रुग्णवाहिकेत घातल्यावर म्मा-थूसोच्या देखत मोजपट्टी बुडवली आणि आकडा मोठ्यानं वाचला. तेरा लिटर.

थूसो वाचला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर काही करता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी मोडिसेंच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती बघितलीच नाही. त्यांच्या हातात माझ्या उड्डाणाचा कागद होता.

"तासाला अडतीस लिटर," ते म्हणाले. "बोनोलो, हे तू आधी का नाही दाखवलंस?"

"साहेब, ड्रम रिकामा होता. आम्ही मरता मरता आलो."

"पण आलात ना? म्हणजे ड्रमची गरज नव्हती."

दुपारी फलकावर नोटीस लागली. यापुढे सर्वांनी कॅप्टन बोनोलोप्रमाणे उडवावं, आणि वस्त्यांवरचे ड्रम बंद. खाली तीच लांबलचक सही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझं नाव घालून त्यांनी क्वालाबेच्या माणसांचं पेट्रोल कापलं होतं.

पुढच्या आठवड्यात क्वालाबेला नवा पंप बसला, त्याच्या उद्घाटनाला मोडिसे माझ्याच विमानानं निघाले. नवा शर्ट, हातात भाषण. पाय पायरीवर ठेवला आणि विचारलं, "टाक्या फुल ना?"

"तुमच्या नोटिशीप्रमाणे भरल्यात." मी मोजपट्टी त्यांच्या हातात दिली. "बघून घ्या."

एवढा मोठा माणूस पंखावर चढला. खाली आला तेव्हा चेहरा उतरला होता. "हे फार कमी आहे. भर पूर्ण."

"पूर्ण भरलं तर वजन जास्त होतं. लसींची खोकी ठेवून जावी लागतील. नाहीतर तुम्ही."

त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांना कसलीशी महत्त्वाची बैठक आठवली.

ते गेल्यावर मी त्यांच्या वजनाइतकं पेट्रोल कॅनमध्ये भरून त्यांच्या जागी बांधलं. क्वालाबेला मी आणि काओनं मिळून ते ड्रममध्ये ओतलं. ड्रम अर्धाच भरला. काओनं निळा पट्टा नव्यानं रंगवला आणि विचारलं, "पुन्हा साहेबाची चिठ्ठी आली तर?"

"तर म्हणावं, चिठ्ठी नको. साहेबांनाच विमानात घालून पाठवा."

पोराला घेऊन घरी परतलेली म्मा-थूसो झाडाखाली बसून ऐकत होती. "आणि टाकीत तेरा लिटर ठेवून," ती म्हणाली.