रामेश्वरचं कासव

निजामाच्या राज्यात बीडहून रामेश्वरला जायचं म्हणजे जालन्यापर्यंत बैलगाडी आणि पुढं कितीतरी दिवस आगगाडी. कपिलधारजवळच्या वस्तीवरचा मेंढपाळ हरिबा गावच्या यात्रेकरूंबरोबर गेला. बायको भामाबाईचे पाय अधू, म्हणून ती घरीच राहिली.

दीड महिन्यानं तो परतला. त्याचे पाय धुता धुता तिनं विचारलं, "हातातलं चांदीचं कडं कुठं हाय? माझ्या बापानं दिलतं ते."

हरिबानं मान खाली घातली. देवळातल्या बावीस कुंडांवर आंघोळ करून तो एकटाच बेटाच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथं कोळ्यांनी भलंमोठं कासव कापायला उलटं करून ठेवलं होतं.

"त्याच्या डोळ्यांतनं पाणी येत व्हतं, भामे. कोळ्यांची बोली मला कळंना, माझी त्यांना. मग कडंच काढून दिलं."

भामाबाईनं त्याचे पाय पुसत विचारलं, "कासव पाण्यात गेलं का?"

"मीच ढकललं. लाट आली आन गेलं निघून."

"आन देव?"

"गर्दीत नीट दिसला न्हाई. कासव मात्र नीट दिसलं."

भामाबाईला हसू आलं. "आपल्या महादेवाच्या देवळात बी आधी कासवालाच हात लावत्यात. बराबर केलं तुमी."

दुसऱ्या दिवशी शेजारणी तीर्थ घ्यायला आल्या, तेव्हा सगळी हकीकत तिनंच सांगितली. कासव दोन बैलांएवढं होतं, असंही म्हणाली. हरिबा शेजारी बसून नुसती मान डोलवत राहिला.