पितळेवर कोरलेलं नाव

आसगावचा अश्वजित बंद पडलेल्या दुकानांची नावं विकत घेई. दुकानाला कुलूप लागतं, इंटरनेटवरच्या नावाचे वर्षाचे पैसे भरायचे राहतात, नाव मोकळं होतं. हा तळ्याकाठच्या बगळ्यासारखा टपलेलाच. स्वस्तात उचलायचं, महागात विकायचं.

आज त्यानं उचललेलं 'घनश्याम भांडी डॉट कॉम' विकलं जाणार होतं. गिऱ्हाईक जुगाराच्या ॲपवाला. त्याला लोकांच्या भरवशाचं, जुनं नाव हवं होतं. नाव दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा कोड मोबाइलवर आला होता; संध्याकाळपर्यंत तो कळवला की सौदा पक्का.

पण अश्वजितचा पाय घरात ठरेना. आत जाई, बाहेर येई. अंगणात त्याची आई रत्नमाला, लेकीच्या लग्नात द्यायला मामानं कधीचाच घेऊन ठेवलेला पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासत होती. तिनं गुंड उपडा केला आणि पितळ उन्हात हसलं. बुडावर मामाचं नाव, खाली बारीक अक्षरांत 'घनश्याम भांडी डॉट कॉम'.

"हे कोनं कोरलं, माय?"

"दुकानवाल्यानं. साऱ्याच भांड्याइवर कोरे थो. काहून रे, भूत पाह्यल्यावानी करून राहिला?"

लेकी नांदायला गेल्या, भांडी संगं गेली. घरोघरच्या चुलीपाशी ते नाव जाऊन बसलं होतं. अश्वजितनं चप्पल घातली अन् भंडाऱ्याची एसटी धरली.

भांड्यांचं दुकान चालवणारे घनश्यामशेठ वारले होते. त्यांची बायको शकुनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"काकू, तुमचं थे इंटरनेटवरचं नाव आता माह्यापाशी आहे."

"तुह्यापाशी कसं? आमी तं पैसे भरून घेतलं होतं."

"दरसाली भरा लागते."

"दरसाली? गुंडावर नाव का दरसाली कोरतेत? शेठ म्हनत, एकदा कोरलं का पक्कं." तिनं एक खडा वेचून टाकला. "मंग? विकून राहिला?"

"हो. जुगारवाल्याले."

सुपातला हात थबकला. "तुह्या घरी आमचं भांडं नाही वाटते."

"आहे. बहिनीच्या लग्नाचा गुंड."

"मंग मले कायले विचारतं? मी हो म्हटलं का तुहं पाप धुतलं जाते?"

खिशात फोन थरथरला. कापला, पुन्हा थरथरला. मग जुगारवाल्याचा मेसेज आला: दुप्पट देतो. अश्वजितनं 'नहीं बेचना' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि डोळे मिटून पाठवलं.

"नाही विकत, काकू. तुमच्या नावावर करून देतो."

"मले नोको. मी का आता दुकान लावतो? तूच ठेव. पन पुढच्या साली भरशीन का? अन् थ्याच्या पुढच्या?"

"भरीन."

"लवकर बोलला रे," ती सूप झटकत म्हणाली. "शेठबी असेच लवकर बोलत."

तो पायऱ्या उतरला. फोन पुन्हा थरथरू लागला होता. खिशावर तळहात दाबून धरत तो स्टँडकडे भराभर चालत राहिला.