रविवार गाळणारी स्क्रिप्ट

सोमवारी सकाळी परदेशातल्या एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमधल्या प्रोग्रामर ताई खुर्चीत टेकतायत तोच वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"अहो, रविवारचे रिपोर्ट कुठायत? शनिवारचेच परत आलेत! माझा पेशंट ऑपरेशनसाठी उपाशी बसलाय आणि डॉक्टर रिपोर्टशिवाय हात लावायला तयार नाहीत."

रोज मध्यरात्र उलटली की दहा मिनिटांनी पर्ल या संगणकभाषेतली एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आपोआप चालून आदल्या दिवसाचे रिपोर्ट वॉर्डात पाठवायची. ताईंनी ती हाताने चालवून पाहिली. तारीख रविवारचीच आली, रिपोर्टही निघाले.

"इथं तर व्यवस्थित चालतंय."

"मग मी काय स्वप्नात बघतेय?" सिस्टर कडाडल्या.

ताई ओशाळल्या. रिपोर्ट छापून स्वतःच जिना चढल्या. पेशंट म्हणजे एक निवृत्त बसड्रायव्हर. ते वैतागून म्हणत होते, "भूल द्या नाहीतर चहा द्या, पण काहीतरी एक ठरवा!" सिस्टरनी कागदांवरून नजर फिरवली आणि त्यांना आत न्यायला सांगितलं.

काम भागलं, पण ताईंच्या डोक्यातून ते जाईना. रात्री चुकलेलं सकाळी बरोबर कसं? बाहेर शिपाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पुढे सरकवत होता. त्या देशात दरवर्षी करतात तशी उन्हाळ्यासाठी सगळीकडची घड्याळं रविवारी पहाटे तासभर पुढे गेली होती, हे एक राहिलं होतं. ताई थबकल्या.

स्क्रिप्ट 'काल' काढायची ती आत्ताच्या वेळेतून चोवीस तास वजा करून. पण हा रविवार तेवीसच तासांचा. मध्यरात्रीनंतर लगेच चोवीस तास मागे गेलं की अख्खा रविवार ओलांडून थेट शनिवारच्या रात्री. सकाळी मात्र एका तासाने काही बिघडत नव्हतं.

ताईंनी दुरुस्ती केली. आधी आजचे दुपारचे बारा धरायचे, मग चोवीस तास मागे जायचं. तास इकडचा तिकडे झाला तरी मुक्काम कालच्याच दिवसात. स्क्रिप्टला रात्रीची तीच वेळ खोटीच सांगून पाहिली, रविवार आला. हिवाळ्याआधी घड्याळं परत तासभर मागे घेतात तो दिवसही तपासला आणि मग सिस्टरना फोन लावला.

"म्हणजे चूक घड्याळाची?"

"नाही, आमचीच. दिवस चोवीस तासांचाच असतो असं धरून चाललो होतो."

"माझ्या ड्यूटीत तर कधीच नसतो," सिस्टर हसल्या. "ऑपरेशन नीट झालं हो. आजोबा शुद्धीवर आलेत, चहाच मागतायत."