समितीच्या खोलीतला फळा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. मला चार चाकं आहेत, त्यातलं एक नीट फिरत नाही. मला दोन बाजू आहेत, आणि मधल्या खिट्ट्या सैल केल्या की मी उलटा होतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. सिंगापूरमधल्या तोआ पायोह भागात एका ऑफिसात माझी पहिली वर्षं गेली. येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. मग भिंतीवर मोठा स्क्रीन लागला आणि मला एका रहिवासी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जुन्या गाद्यांशेजारी उभं करून ठेवलं. कुणीतरी माझ्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने फुली मारली. ते दिवस वाईट होते.

तिथून मला अनघाताईंनी उचललं. बुकित पंजांगच्या एका कम्युनिटी क्लबात दर रविवारी मराठीची शाळा भरते. अनघाताई तिच्या मुख्याध्यापिका. त्यांनी लॉरी बोलावली, माझी फुली घासून घासून काढली आणि मला वर्गात उभं केलं. सकाळी माझ्यावर मुलं लिहायची. दुपारी त्याच खोलीत शाळेच्या समितीची बैठक व्हायची. तेव्हा मला उलटं करून दुसऱ्या बाजूवर समितीचे विषय लिहीत.

समितीचे अध्यक्ष होते शामकांतकाका. सारा जन्म जहाजावर काढलेला माणूस, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. शाळेवर त्यांचा फार जीव होता. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पासिर रिसहून, सगळ्यांच्या आधी येऊन ते खुर्च्या लावायचे.

एके वर्षी अनघाताईंनी लेखी परीक्षा बंद केली. त्याऐवजी मुलांनी आजी-आजोबांना बोलतं करायचं, त्यांची एक गोष्ट ऐकायची आणि वर्षअखेर सर्वांसमोर स्वतःच्या शब्दांत सांगायची, असं त्यांनी वर्गात जाहीर केलं. मुलं खूश झाली.

पुढच्या रविवारी मधुरा नावाच्या शिक्षिका पडलेल्या चेहऱ्याने आल्या.

"ताई, काल शामकांतकाकांचा फोन आला होता. म्हणाले, गोष्टी राहू द्या, परीक्षेची तयारी घ्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. अध्यक्षांना नाही कसं म्हणणार?"

अनघाताईंनी मार्कर उचलला. त्या सकाळी माझ्यावर लिहिताना त्यांचं अक्षर वाकडं येत होतं.

दुपारी समिती बसली. अनघाताईंनी सरळ विचारलं, "काका, माझ्या शिक्षिकेला परस्पर फोन का केलात?"

"कारण शाळेला समिती जबाबदार आहे," काका म्हणाले. "आणि तुम्ही तरी आम्हाला कुठे विचारलंत? परीक्षा बंद झाल्याचं मला मेट्रोत एका पालकाने सांगितलं. अध्यक्ष मी, आणि मलाच ठाऊक नाही."

अनघाताईंनी मान डोलावली. ते खरंच होतं.

प्रताप नावाचे एक सदस्य म्हणाले, "आपण मतदान घेऊ या."

"घ्या," अनघाताई म्हणाल्या. "पण परीक्षाच घ्यायची ठरली, तर ती घेणारी दुसरी मुख्याध्यापिकाही शोधा."

ताई गेल्या तर मधुराही जाणार, बाकीच्या शिक्षिकाही जाणार, हे सर्वांना माहीत होतं. शाळा तिथेच संपली असती.

मग ताईंनी आवाज खाली आणला. "काका, एक विचारू? जहाजावर कॅप्टन कधी इंजिन रूममध्ये उतरून व्हॉल्व्ह फिरवायचा का?"

काकांच्या भुवया वर गेल्या. "एकदा आला होता. मी म्हटलं, साहेब, किती वेगाने जायचं ते वरून सांगा. इंजिन माझ्यावर सोडा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली.

"वर्षअखेर मुलांना काय आलं पाहिजे, ते समिती सांगेल. कसं शिकवायचं, ते तुम्ही ठरवा. आमचं म्हणणं एवढंच, मुलं घरच्यांशी मराठीत बोलली पाहिजेत."

"बोलतील," ताई म्हणाल्या. "आणि यापुढे शाळेतली कुठलीही गोष्ट तुम्हाला बाहेरून कळणार नाही. माझं चुकलं तिथे."

दोघांनीही शब्द पाळला. एक पालक तक्रार घेऊन काकांकडे आले, तेव्हा माझ्यासमोरच काका म्हणाले, "वर्गाचं अनघाताईंना विचारा. समिती त्यांच्या पाठीशी आहे." परीक्षा नाही म्हणून काही मुलं शाळा सोडून गेली, तेव्हा ताईंनी ते लपवलं नाही, त्याच दिवशी काकांना कळवलं. काका रागावले नाहीत. "वर्षअखेरच्या कार्यक्रमाला मोठा हॉल मिळवायचं काम माझं," एवढंच म्हणाले.

आणि तो दिवस आला. मला ढकलत हॉलमध्ये नेलं आणि व्यासपीठावर उभं केलं. हॉल भरून गेला होता. जाई नावाची एक मुलगी पुढे आली. वर्षभरापूर्वी तिला मराठीत काहीही विचारलं तरी इथल्या ढंगाच्या इंग्रजीत एकच उत्तर यायचं, "डोन्ट वॉन्ट लाह."

"माझी आजी पंचावन्न वर्षांची असताना स्कूटर शिकली," जाई सांगू लागली. "तिने ब्रेक समजून भलतंच काहीतरी दाबलं आणि ती थेट उसाच्या रसाच्या दुकानात घुसली. दुकानदार म्हणाला, या आजी, किती ग्लास देऊ?"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. जाई एका शब्दाला अडली. पहिल्या रांगेतून आजी तो सुचवू लागली.

"आजी, तू थांब," जाई म्हणाली. "मी सांगते."

आणि तिने सांगितलं. शेवटपर्यंत. आजी डोळे पुसत हसत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होते शामकांतकाका. जाईनंतर एकामागून एक मुलं आली आणि एकही अर्ध्यावरून परत गेलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेला आणखी दोन खोल्या घ्याव्या लागल्या. सोडून गेलेली मुलंही परत आली. आता मुलं आपल्या गोष्टी लिहूनही काढतात. ती कल्पना अनघाताईंचीच, पण त्यांनी ती आधी समितीपुढे मांडली आणि सगळे हात एकदम वर गेले.

मित्रांनो, माझ्यासारखे फळे जुने होतात, त्यांना कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि तुमच्या शाळेत शिकवणारी माणसं असतील, शाळा सांभाळणारीही असतील. त्यांना एकमेकांची गरज असते आणि दोघांनाही तुमची. कधीतरी त्यांच्यापुढे उभे राहा आणि या वर्षी तुम्हाला काय आलं ते मोठ्याने सांगा. त्यांचे चेहरे कसे उजळतात ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.